मीटर

छत्तीस वर्षं मी गॅसची मीटरं वाचली,
दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा,
जिन्याखालच्या अंधारात टॉर्च तोंडात धरून
पाच आकडे वहीत.
आणि वहीच्या मागल्या बाजूला, कुणाला न सांगता,
त्या घरात त्या वेळी कसला वास होता ते.

निवृत्तीनंतर ती मागली बाजू
पुतणीनं, कौमुदीनं, फोनवर चढवून दिली.
"काका, लोक वाचतील ने," म्हणाली,
आणि वाचतात की नाही ते कळायला
खाली एक आकडा बसवला.

पहिल्या दिवशी चौदा.
त्यातले सहा मीच,
चष्मा पुसून पुसून बघायला गेलेला.
मीटर मागे फिरवणारी गिऱ्हाइकं पुष्कळ पकडली होती,
पुढे फिरवणारा हा पहिलाच.

मग नाद लागला.
कौमुदी शनिवारी आणंदहून यायची,
एक नवी कळ दाखवून जायची.
मथळा लांब करून पाहिला, आखूड करून पाहिला,
विश्वामित्रीतल्या मगरीचा फोटो लावला
(नीट पाहिलं तर टायर),
त्या दिवशी आकडा नऊशेवर.
त्याखालची, उंधियूच्या पहिल्या फोडणीची नोंद
कुणी उघडलीसुद्धा नाही.

मीटर सांगतं किती जळलं.
शिजलं काय, करपलं काय,
ते मीटरचं काम नव्हे.
हे निदान मला कुणी शिकवायला नको होतं.

वेळ लावून ठेवायची सोय होती.
रात्री लिहा, सकाळी साडेसातला आपोआप जाईल.
त्या मंगळवारी साडेसातला मी सयाजी हॉस्पिटलात,
हाताला सलाइन,
आणि जगाला कळवत होतो
की आत्ताच सुरसागरला फेरी मारून आलो,
पाणी शेवाळी आहे, हवा मस्त.
मोहित्यांनी बदाम पाठवला.
दक्षाबेननं दोन.

"याच्यासारखं आणखी" अशी एक पट्टी,
यंत्र जुनं काही शोधून आणतं, खाली ठेवतं.
प्रमिला गेली त्या दिवशीची नोंद, दोनच ओळी.
खाली यंत्रानं ठेवलं:
कुकरची शिट्टी बिघडली होती,
मांडवीत नवी मिळाली, पस्तीस रुपये.

कौमुदी ओशाळली.
"चुकतं हे कधीकधी. बंद करू?"
राहू दे, म्हटलं.
शिट्ट्या ती मोजायची. मी नाही.
तिसरीला न्हाणीघरातून ओरडायची,
"गॅस बंद करा हो!"

आणि शब्दांचा ढग.
जो शब्द जास्त वेळा, तो मोठा.
मला वाटलं 'वास' येईल, नाहीतर 'जिना'.
आला 'परत'.
केवढा तरी, पडदाभर,
बाकीचे शब्द त्याच्या काखेत.

लाइट परत गेली. मोहित्यांची छत्री परत दिली.
परत तोच खोकला.
यंत्राला पुन्हा आणि माघारी
यांतला फरक कळत नाही.
मी रात्रभर वेगळे काढत बसलो,
हे पुन्हाचं, हे माघारीचं,
हे पुन्हाचं.
एका नोंदीशी अडलो:
"जिन्यात परत तिची पावलं वाजल्यासारखी वाटली."
ही कुठल्या ढिगात घालू?
तारीख पाहिली. तारखेनं काही मदत केली नाही.

आकडा काढून टाकला.
आपोआपची वेळही.
पट्टी ठेवली.

आज सात वाजता समोरच्या घरात तूर,
हिंग जरा जास्त.
तिसरी शिट्टी झाली. चौथी झाली.
कुणी ओरडलं नाही.
खिडकीशी उभा राहून
हातानं टाकली नोंद,
आणि पाचवीसाठी थांबलो.